लोणारचं गुलाबी पाणी आणि कंपायलरची तिफण

प्रश्न : मी मेहकर तालुक्यातला, संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लोणार सरोवराच्या पाण्याचा रंग ऋतूंप्रमाणे कसा बदलतो हे फोटोंवरून मोजण्याचा छोटा प्रकल्प करतो आहे. फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलचा लाल, हिरवा आणि निळा आकडा वेगवेगळ्या बेरजेत मिळवायचा, एवढाच सी भाषेतला चार ओळींचा लूप. जीसीसी कंपायलरला ‘ओ-थ्री’ आणि ‘मार्च-नेटिव्ह’ हे पर्याय दिले, तर वेग वाढण्याऐवजी किंचित घटलाच. असेंब्ली उघडून पाहिली तर चार ओळींच्या जागी पानभर सूचना. जिल्ह्याच्या तालुकावार पावसाचाही एक लूप लिहिला होता, तोही मंदावला. कंपायलर इतका हुशार म्हणतात, मग तो असा कोड का काढतो? आणि हे दुरुस्त कोण करतं, कसं?

उत्तर : तुमच्या पत्रासोबतचा असेंब्लीचा तुकडा मी ओळीओळीने वाचला आणि फार आनंद झाला. कोड मंद निघाला म्हणून नव्हे, तर तुम्ही असेंब्ली उघडून पाहिलीत म्हणून. बहुतेक जण घड्याळ पाहून थांबतात. आता त्या पानभर सूचनांचा अर्थ लावू.

बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकाला व्हेक्टर समजावायला मला लांब जावं लागत नाही. तिफण डोळ्यासमोर आणा. बैलजोडी एक, फेरी एक, पण तासं पडतात तीन. चाड्यात मूठ सोडली की बी तीन नळ्यांतून तीन तासांत एकाच वेळी उतरतं. प्रोसेसरमधलं व्हेक्टर रजिस्टर हीच कल्पना आहे. १९९९ च्या पेंटियम-थ्रीमध्ये १२८ बिट रुंदीचे असे रजिस्टर आले, २०११ पासून इंटेलच्या प्रोसेसरांत २५६ बिटांचे. १२८ बिट म्हणजे १६ बाइट. तुमच्या फोटोतला एक रंग म्हणजे ० ते २५५ मधला आकडा, म्हणजे एक बाइट. तेव्हा बेरजेची एक सूचना दिली की १६ आकड्यांवर एकदम काम व्हावं, ही अपेक्षा रास्तच आहे. तुमचा साधा लूप ओळखून कंपायलरने स्वतःच ही तिफण जुंपायची, याला व्हेक्टरायझेशन म्हणतात. जीसीसीत हे काम २००५ च्या ४.० आवृत्तीपासून होऊ लागलं. पूर्वी त्यासाठी ‘ओ-थ्री’ मागावं लागे. २०२२ च्या १२व्या आवृत्तीपासून ‘ओ-टू’लाही, अगदी खात्रीचा फायदा असेल तिथे, ते होतं.

आता तुमची अडचण. तुमचं बी एका पोत्यात मिसळलेलं आहे. फोटोची साठवण लाल-हिरवा-निळा, लाल-हिरवा-निळा अशी सलग असते. १६ ला ३ ने भाग जात नाही. म्हणून पहिल्या रजिस्टरचं शेवटचं घर लाल रंगावर संपतं, दुसरं रजिस्टर हिरव्यापासून सुरू होतं आणि तिसरं निळ्यापासून. तीन रजिस्टर भरले की ४८ बाइट, म्हणजे नेमके १६ पिक्सेल होतात आणि मग हीच मांडणी पुन्हा सुरू. कंपायलरने काय केलं? तुम्ही तीन वेगळ्या बेरजा मागितल्यात, म्हणून त्याने आधी निवडानिवड केली. सगळे लाल एका रजिस्टरात, सगळे हिरवे दुसऱ्यात, सगळे निळे तिसऱ्यात. मोबाइलमधल्या आर्म प्रोसेसरांत दर तिसरं घर वेचून वाचण्याची सूचनाच असते, तिथे हे सोपं जातं. तुमच्या लॅपटॉपमध्ये तशी सोय नाही. एका रंगाचे १६ बाइट गोळा करायला दोन-दोन रजिस्टरांतून वेचून जोडण्याचं काम दोनदा करावं लागतं. अशा एका वेचणीला दोन फेरमांडणीच्या सूचना आणि एक जोडणीची. तीन रंगांच्या मिळून सहा वेचण्या, म्हणजे १८ सूचना. (तुमच्या यंत्रात ३२ बाइटांचे रजिस्टर आहेत, पण हिशोब हातावर मावावा म्हणून मी १६ चेच धरतो.)

बेरीज तर अजून सुरूही झालेली नाही. तुम्ही बेरजेसाठी ३२ बिटांचा ‘इंट’ घेतलात, ते बरोबरच केलंत. बाइटमध्ये बेरीज मावलीच नसती. पण त्यामुळे प्रत्येक बाइट आधी १६ बिटांचा आणि मग ३२ बिटांचा करून घ्यावा लागतो. एका रजिस्टरातले १६ बाइट फुगवले की चार रजिस्टर होतात. त्यासाठी दोन आणि चार अशा सहा फुगवण्याच्या सूचना, वर चार बेरजा. एका रंगाला दहा, तीन रंगांना तीस. आधीच्या १८ धरून ४८.

साध्या, बिनव्हेक्टरच्या कोडमध्ये दर बाइटला एक वाचन आणि एक बेरीज, म्हणजे ४८ बाइटांना ९६ सूचना लागतात. कागदावर व्हेक्टर कोड निम्म्यात बसतो. मग घड्याळ उलटं का बोललं? इथे या प्रश्नाचं मर्म आहे. प्रोसेसरच्या आत कामाची दारं ठरलेली असतात. इंटेलच्या २०१५ च्या स्कायलेक घराण्यात साध्या बेरजा चार दारांतून जाऊ शकतात, वाचनं दोन दारांतून. पण रजिस्टरमधल्या घरांची फेरमांडणी करणाऱ्या सगळ्या सूचना एकाच दारातून जातात, आणि बाइट फुगवणं हीदेखील त्याच जातीची सूचना आहे. तुमच्या कोडमध्ये अशा सूचना मोजा. वेचणीच्या १२ आणि फुगवण्याच्या १८, एकूण ३०. एक दार म्हणजे दर १६ पिक्सेलना किमान ३० टिक, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ३० ठोके. साधा कोड दर टिकला चार सूचना या वेगाने ९६ सूचना २४ टिकांत उरकू शकतो. तिफण जुंपली खरी, पण दर फेरीला धुऱ्यावर थांबून बी निवडायला लागलं, तर हाताने टोबणारा पुढे जाणारच.

यावर उपाय शोधताना पहिला प्रश्न असा विचारायचा : ही निवडानिवड मुळात हवीच आहे का? बेरजेला क्रम लागत नाही. तीन रजिस्टरांतली ४८ घरं जशी आहेत तशीच राहू दिली आणि प्रत्येक घराची स्वतंत्र बेरीज चालू ठेवली, तर पहिल्या घरात कायम लालच पडत राहील, दुसऱ्यात कायम हिरवा, तिसऱ्यात कायम निळा, कारण दर ४८ बाइटांनी मांडणी तीच. संपूर्ण फोटो संपल्यावर एकदाच, अगदी शेवटी, ४८ बेरजा रंगांप्रमाणे वेगळ्या करायच्या. लाखो वेळा होणारी वेचणी एकदा होते. १८ सूचना गेल्या, ३० उरल्या.

अजून पुढे जाता येतं. बाइट लगेच ३२ बिटांपर्यंत फुगवायची घाई कशाला? १६ बिटांच्या घरात ६५,५३५ पर्यंतचा आकडा मावतो. २५५ ला २५७ ने गुणून पाहा, नेमके ६५,५३५ येतात! म्हणजे अगदी पांढऱ्याशुभ्र फोटोवरही २५७ फेऱ्या १६ बिटांत निर्धास्त करता येतात; त्यानंतर एकदा ३२ बिटांत रिते करायचं आणि पुढच्या २५७ फेऱ्या सुरू. मग दर ४८ बाइटांना सहा फुगवण्या आणि सहा बेरजा, एकूण १२ सूचना. अरुंद दारातून जाणाऱ्या फक्त सहा. ३० टिकांची गोष्ट सहावर आली. हा आकडा पहिल्यांदा कागदावर जुळला की माणूस खुर्चीतून उठून एक फेरी मारतो.

तुमच्या प्रकल्पापुरतं हे तुम्ही आजच करू शकता. बाहेर एक लूप, आत २५७ फेऱ्यांचा दुसरा, आणि १६ बिटांच्या ४८ घरांची एक पट्टी. फोटो काळा-पांढरा असता तर आणखी सोपं होतं. इंटेलमध्ये ‘पीएसएडीबीडब्ल्यू’ नावाची एक सूचना आहे, दोन चित्रांमधले फरक मोजून बेरीज करण्यासाठी, म्हणजे मूळची व्हिडिओच्या कामाची. एका बाजूला सगळी शून्यं दिली की ती १६ बाइटांची आठ-आठच्या दोन गटांत थेट बेरीज करून देते. दहा सूचनांचं काम ती आणि एक साधी बेरीज अशा दोन सूचनांत होतं.

पण तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. हे सगळं कंपायलरला का सुचू नये?

कंपायलर हा एक माणूस नाही, ती कामगारांची रांग आहे. पहिला टप्पा तुमची सी भाषा वाचतो आणि तिचं एका साध्या अंतर्गत भाषेत रूपांतर करतो. जीसीसीत तिला जिंपल म्हणतात. व्हेक्टरायझर तिथे काम करतो. त्याला लूप दिसतो, बेरीज दिसते, तुमचा हेतू बराचसा कळतो. पण समोरचं यंत्र तो एका खिडकीतूनच पाहतो. तो विचारतो, अमुक काम एका सूचनेत करशील का? यंत्राच्या वर्णनाच्या फाइलीत तसा साचा लिहिलेला असेल तर होकार येतो. नसेल तर तो कामाचे तुकडे पाडतो. शेवटच्या टप्प्याला प्रोसेसरमधली एकूण एक सूचना माहीत असते, पण तोवर तुमची ‘बेरीज’ नाहीशी होऊन तीस बारीक कामं उरलेली असतात. त्या तिसांकडे पाहून मूळ हेतू ओळखणं म्हणजे पीठ पाहून कणीस कसं होतं ते सांगणं. जवळजवळ प्रत्येक मंद व्हेक्टर कोडच्या मुळाशी मला हीच दरी दिसते. ज्याला हेतू ठाऊक आहे त्याला यंत्र ठाऊक नाही, आणि ज्याला यंत्र ठाऊक आहे त्याच्यापर्यंत हेतू पोचत नाही.

म्हणून दुरुस्ती करणाऱ्याचं पहिलं काम कोड लिहिण्याचं नसतं. माहिती कुठे गळाली ती जागा शोधायची असते. जीसीसीला ‘फॉप्ट-इन्फो-व्हेक-मिस्ड’ हा पर्याय दिला की कोणता लूप का सोडला याची कारणं तो छापतो. ‘फडंप-ट्री-व्हेक्ट-डिटेल्स’ने त्याहून खोल जाता येतं. व्हेक्टरायझरने कोणते मार्ग तोलले, प्रत्येकाची किंमत किती धरली, सगळं त्या फाइलीत असतं. फाइल हजारो ओळींची निघते, पण ती वाचायला शिकणं हेच या कामातलं निम्मं शिक्षण.

गळती सापडली की दुरुस्तीची जागा ठरते. यंत्रात सूचना असूनही वर्णनात साचा नसेल, तर साचा लिहायचा. ही सर्वांत समाधानाची दुरुस्ती, थोड्याच ओळींची आणि लगेच फळ देणारी. साचा आहे पण व्हेक्टरायझरला तुमची रचना ओळखता येत नसेल, तर ओळखीचा नियम वाढवायचा. तुमच्यासारख्या ठिकाणी, बेरजेत क्रमाला अर्थ नाही म्हणून वेचणी गाळून टाका, हा विचार व्हेक्टरायझरला शिकवावा लागतो. जीसीसीत तो काही रचनांसाठी आहेही, पण रचना जराशी बदलली की हातातून निसटतो. तिसरी जागा म्हणजे किमतीचा हिशोब, आणि तिथे हात घालताना मी तरी दहादा विचार करीन. फेरमांडणीची किंमत वाढवली की तुमचा लूप सुधारेल. पण त्याच आकड्यावर विसंबून दुसऱ्या कुणाच्या कार्यक्रमात चांगला चाललेला व्हेक्टर कोड बंद पडेल. म्हणून अशा बदलाआधी स्पेक सीपीयूसारख्या मोठ्या चाचण्यांचे संच चालवून सगळ्यांवर काय परिणाम होतो ते पाहतात. एका प्रोसेसरवरचा फायदा दुसऱ्यावर तोटा निघणं नेहमीचंच.

एका गोष्टीत कंपायलरची बाजू मी ठामपणे घेईन. तो चुकीचं उत्तर देण्यापेक्षा मंद राहणं पसंत करतो. तुमचे आकडे दशांशाचे असते तर क्रम बदलायला त्याने नकारच दिला असता. ०.१ आणि ०.२ आधी मिळवून मग ०.३ मिळवा, संगणकात ०.६००००००००००००००१ येतं, ०.२ आणि ०.३ आधी मिळवून मग ०.१ मिळवा, ०.६ येतं. तुम्ही परवानगी दिल्याशिवाय त्याने हा फरक आपल्या मनाने करू नये, हेच योग्य.

पावसाचा लूप थोडक्यात. बुलढाणा जिल्ह्यात तालुके १३. प्रत्येक तालुक्याच्या पावसातून त्याची सरासरी वजा करायची, आणि तालुक्यांची संख्या तुम्ही फंक्शनला बाहेरून देता. कंपायलरला १३ ठाऊक नाही. तेरा लाखही असू शकतील असं धरून तो तयारी करतो. मूळ आकड्यांची आणि उत्तराची जागा एकमेकींत शिरते का, हे आधी तपासतो. मग आठ-आठ दशांश आकडे घेणारा लूप लावतो. १३ मध्ये आठ एकदाच बसतात, उरलेले पाच मागच्या लहान लूपमध्ये एकेक करून. एका फेरीसाठी एवढा सगळा घाट. दोन एकराच्या तुकड्यासाठी मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणला तर तो वळवण्यातच वेळ जातो, तसं. १३ हा आकडा कोडमध्येच स्थिर लिहा आणि दोन्ही पॉइंटरना १९९९ च्या सी मानकातला ‘रिस्ट्रिक्ट’ हा शब्द लावा. मग आठ एकदम, चार एकदम आणि एक सुटा असा सरळ कोड निघण्याचा मार्ग मोकळा होतो. नव्या रुंद प्रोसेसरांत १६ घरांपैकी १३ चालू आणि तीन झाकलेली ठेवण्याचीही सोय आहे.

आता ‘कोण करतं’. हे दूरदेशीचंच काम आहे असं समजू नका. मुंबईच्या आयआयटीत धनंजय ढमढेरे यांनी कार्यक्रमातली वारंवार होणारी गणितं कंपायलरने कशी गाळावीत यावर अनेक वर्षं संशोधन केलं. त्यांच्याबरोबर उदय खेडकर यांनी १९९४ मध्ये माहितीच्या प्रवाहाच्या विश्लेषणाचा सर्वसाधारण सिद्धांत मांडला. पुढे खेडकर यांच्या पुढाकाराने आयआयटीत जीसीसी रिसोर्स सेंटर उभं राहिलं आणि त्यांच्या उन्हाळी कार्यशाळांत शिक्षक-विद्यार्थ्यांना जीसीसीचं पोट उघडून दाखवलं गेलं. समांतरीकरण आणि व्हेक्टरायझेशन हा त्यातला एक विषय होता. खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचं डेटा फ्लो अ‍ॅनालिसिसवरचं पुस्तक २००९ चं; तुमच्या ग्रंथालयात नसेल तर मागवायला लावा. मोठी गणितं वाटून करण्याची आस तर तुमच्या शेजारच्या जिल्ह्याचीच. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकमधून परम ८००० उभा करणारे विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे.

आणि याचं मोल फक्त फोटोंपुरतं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत (आयआयटीएम) २०२४ मध्ये ‘अर्क’ हा ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक आला. त्याच्या बळावर मे २०२५ पासून ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सहा किलोमीटरच्या जाळीवर अंदाज काढू लागली; आधीची जाळी बारा किलोमीटरची होती. जाळीची चौकट लांबी-रुंदीत निम्मी केली की चौकटी चौपट होतात, आणि बारीक जाळीसाठी काळाचे टप्पेही लहान घ्यावे लागतात. हवामानाची ही प्रारूपं म्हणजे मुख्यतः लूप, एकात एक. तिथला एखादा आतला लूप तुमच्या लूपसारखाच फेरमांडणीत अडकला, तर त्याच वीजबिलात, त्याच रात्रीत अंदाज कमी निघतात. चिखलीच्या नि मोताळ्याच्या सोयाबीनवाल्याला पेरणीआधी कळायला हवं ते उशिरा कळतं. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं. तो रंग वर्षानुवर्षं फोटोंवरून मोजत राहायचं तर लाखो पिक्सेलच्या हजारो फोटोंचा हिशोब करावाच लागणार. तुमचा चार ओळींचा लूप म्हणूनच मला किरकोळ वाटत नाही.

शेवटी, हे ‘बग’ म्हणून कळवावं का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. जरूर कळवा. उत्तर बरोबर पण कोड मंद, अशा तक्रारींसाठी जीसीसीच्या नोंदवहीत ‘मिस्ड-ऑप्टिमायझेशन’ असा स्वतंत्र शेराच आहे. आधी सर्वांत ताज्या आवृत्तीवर तपासा. कदाचित कुणी दुरुस्त केलंही असेल. मग फाइल लहान करत न्या. फोटो वाचण्याचा भाग काढा, छापण्याचा काढा, मुख्य फंक्शन काढा. प्रत्येक वेळी असेंब्ली पुन्हा पाहा, दोष अजून दिसतो ना. प्रोसेसर कोणता, पर्याय कोणते दिले, काय निघालं आणि काय निघायला हवं होतं ते लिहा. ३० विरुद्ध सहा हा हिशोब सोबत जोडा. लोणारचा फोटो पाठवायची गरज नाही. ४८ बाइट आणि तीन बेरजा पुरे आहेत.